पहिले वीस तास

५ जानेवारी २०२५, रविवार

गाडी आली. नाशिकहून टेम्पोत, दोरांनी बांधलेली, वर ताडपत्री. फळ्या लावून उतरवली. इंजिन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरवर ०.४ तास. चारही टायरची हवा बरोबर. किल्ल्या दोन, पुस्तक एक, पान्यांची पिशवी एक.

दीपनगरला वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होतो. पाळी सुटायच्या आधी वहीत पहिल्यांदा आकडे, मग बाकीचं. निवृत्त होऊन सहा महिने झाले, क्वार्टर सोडून शेतातल्या घरी राहायला आलो, पण वही काही सुटली नाही.

एटीव्ही म्हणतात हिला. लोक चार चाकांची फटफटी म्हणतात, तेही खरंच आहे. हँडल मोटरसायकलचं, टायर रुंद, मागे एकाला बसता येतं. केळीच्या बागेतल्या चिखलात आणि नाल्याच्या उतारावर जाते. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, आपल्याला शेतापुरतीच हवी होती. मोटरसायकल असताना ही कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. मी सांगितलं, मोटरसायकल घसरते. दिवाळीच्या आधी दोनदा घसरली. दोन्ही वेळा वाटेवर वाळू होती. बायको, कामिनी, बाजूलाच उभी होती, ती पूजेचं ताट आणायला आत गेली.

पूजा तिनेच केली. नारळ फोडायच्या आधीच माझ्या हातून निसटला. ओला होता.

पुस्तकात लिहिलंय, पहिले वीस तास इंजिन रुळवायचं. रेस निम्म्याच्या वर नको, एकाच वेगात फार वेळ नको, ओझं नको. वीस तासांच्या आत पहिली सर्व्हिस.

९ जानेवारी, गुरुवार

३.२ तास. इंजिनाचा आवाज गोल. डाव्या बाजूला किरकिर होती, ती मडगार्डच्या स्क्रूची निघाली. आवळला.

कडाक्याची थंडी म्हणतात सगळे. मला काही जाणवत नाही. सकाळी बनियनवर गाडी पुसत होतो, तर कामिनी स्वेटर घेऊन मागे आली. मी चिडलो. हल्ली लवकर चिडतो मी. घरात बसून माणूस चिडका होतो, हे ऐकून होतो.

भरीत आणि कळण्याची भाकरी. चार भाकरी खाल्ल्या. तरी पँट सैल होते आहे. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. शेतात चालणं होतं, त्यामुळे असेल.

कामिनी चहा मात्र अर्धा कपच देते हल्ली. मागितला तर पुन्हा अर्धा. साखर एवढी महाग झाली की काय, विचारलं पाहिजे.

११ जानेवारी, शनिवार

५ तास. कामिनी म्हणाली, "मले शिकवा ना ही चालवाले."

"तुला काय करायचंय?"

"करायचं काय? बसून पाहाते."

चोपन्नाव्या वर्षी हौस! पण शिकवलं. अर्ध्या तासात बांधापर्यंत जाऊन आली. ब्रेक जरा जोरात दाबते. बाकी ठीक.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सारिका धुळ्याहून आली. मुलगी आमची, तिथे कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्यासाठी झब्बा आणला. म्हणाली, "बाबा, घरात शर्टाची बटणं लावत कशाला बसायचं?" कापड चांगलं आहे.

दुपारी तिने चहा केला आणि कप काठोकाठ भरला. उचलला, तर बशीत, गुडघ्यावर, तिळगुळाच्या ताटलीत सगळीकडे चहा. स्वयंपाकघराच्या दारातून कामिनी सारिकाकडे बघत होती, काही सांगायचं राहून गेल्यासारखी.

"बाबा, हात पुढे करा बरं."

"थंडीने होतं."

"तुम्ही बनियनवर बसलाय."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. सणाच्या दिवशी पोरीला रडवलं. सकाळच्या बसने ती परत जाईल.

१८ जानेवारी, शनिवार

९ तास.

मागची पानं चाळली. अक्षर बघितलं. पाळीच्या वहीत माझं अक्षर छापल्यासारखं असायचं, साहेब लोक दाखवायचे एकमेकांना. हे अक्षर माझं वाटत नाही.

इथे कोणी वाचत नाही, तर लिहून टाकतो. हात थरथरतात. नवरात्रापासून. मोटरसायकल घसरली तेव्हा वाटेवर वाळू नव्हती.

चुडामणभाऊला कंपवात होता. माझा सख्खा मोठा भाऊ. नऊ वर्षं काढली त्याने. पहिल्यांदा फक्त उजवा हात. मांडीवर स्वस्थ ठेवलेला असला की अंगठा बोटांवर फिरायला लागायचा, जपमाळ ओढावी तसा. भाऊ त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघायचा. पेला उचलायला गेला की हात शांत व्हायचा, म्हणून सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. पुढे कशानेच शांत होईना. शेवटची दोन वर्षं लताबाई वहिनी भरवत होती. मी दर रविवारी जायचो, अर्धा तास बसायचो, त्याच्या हाताकडे न बघता घरी यायचो.

माझा अंगठा फिरत नाही. बारीक थरथर आहे, दोन्ही हातांना, आणि काही धरलं की वाढते. पण सगळ्यांची सुरुवात सारखीच असेल असं कुठे आहे? रक्त एकच आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

१५.६ तास. नाशिकला फोन केला. तिथला मेकॅनिक हितेंद्र, बोलायला नम्र आहे. म्हणाला, "काका, आमच्या माणसाला तुमच्याकडे यायला महिना लागेल. तोवर गाडी उभी ठेवा."

"मी चौतीस वर्षं फिटर होतो."

"मग तुम्हीच करा की! मी साहेबांशी बोलतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो पाठवा, मी इथे नोंद करतो. ऑइल, फिल्टर, गिअरचं ऑइल, सगळे नट-बोल्ट, एअर फिल्टर. आणि व्हॉल्व्हचं अंतर तेवढं नीट बघा. तेच नाजूक काम आहे."

तेच नाजूक काम आहे. फोन ठेवल्यावर मनाशी ठरवलं. व्हॉल्व्हचं अंतर मला एकट्याला बसवता आलं, तर हा भाऊचा आजार नाही. नाही आलं, तर आहे.

खुळेपणा आहे, कळतं. पण डॉक्टरकडे जायची माझी छाती नाही. हे निदान माझ्या अंगणात तरी होईल.

१ फेब्रुवारी, शनिवार

१९.१ तास. सर्व्हिस सुरू.

इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन पूर्ण उतरतं. खाली घमेलं ठेवलं. ऑइल उतरायचा खालचा प्लग सोडला. ऑइल काळसर, आणि उन्हात धरलं तर आत चांदीसारखी चमक. लोहचुंबक फिरवलं, त्यावर राखेसारखा चुरा आला. काय चुकलं माझं? कामिनीने त्या दिवशी रेस जास्त दिली की काय? की मीच दिली? हँडलवर हात थरथरतो तेव्हा रेस नकळत कमीजास्त होते.

हितेंद्रला फोटो पाठवला. त्याचा फोन आला.

"काका, चुराच आहे ना? तुकडा नाही ना एखादा?"

"तुकडा नाही."

"मग काळजी नको. पहिल्या ऑइलात एवढं निघतंच. त्यासाठीच तर ते लवकर बदलतो."

मला माहीत होतं. पंपाच्या नव्या बेअरिंगचं पहिलं ऑइल काढताना हेच मी नव्या लोकांना सांगायचो. आज मलाच कोणीतरी सांगायची वेळ आली. पण ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की उभ्या उभ्या दोन केळी खाल्ली.

नवीन फिल्टर, प्लगखाली नवीन वायसर, नवीन ऑइल, मापाच्या पट्टीवर मध्यभागी. गिअरचं ऑइल बदललं. एअर फिल्टर रॉकेल नाही म्हणून साबणाच्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला. मग चाकांचे नट, हँडलचे, सस्पेन्शनचे, एकेक करून मापाच्या पान्याने आवळले. टक् असा आवाज आला की थांबायचं. ताकदीच्या कामात हात ठीक असतात. बारीक बोल्ट तीन वेळा पडले. एक गवतात गेला, तो कामिनीने शोधला. तिथेच ओट्यावर बसून ती शेंगा फोडत होती. सकाळपासून शेंगाच फोडत होती. एवढ्या शेंगा कुठून आल्या आमच्या घरात!

व्हॉल्व्ह उद्या. इंजिन पूर्ण थंड लागतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहितो. घाई नाही.

सात वाजता बसलो. सीट काढली, टाकी सरकवली, वरचं झाकण उघडलं. पिस्टन वर आणून खूण जुळवली. इथपर्यंत काहीच अडचण नाही. फीलर गेज काढलं. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो, केसाइतकी पातळ पट्टीही त्यात असते. ती व्हॉल्व्ह आणि स्क्रूच्या मधे सरकवायची. घट्टही नको, सैलही नको. मग एका हाताने स्क्रू तिथेच धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने वरचा नट आवळायचा. स्क्रू जरा हलला की माप गेलं.

पट्टी फटीत जाईना. टोक थरथरत इकडेतिकडे लागत होतं. मनगट इंजिनावर टेकवलं, श्वास रोखला, गेली. स्क्रू धरला, नट आवळला. तपासलं, तर घट्ट. सोडला, पुन्हा. सैल. पुन्हा. घट्ट. अंगाला घाम सुटला, छातीत धडधडत होतं. किती वेळा केलं, मोजलं नाही. मी, सगळं मोजणारा माणूस, मोजलं नाही. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर सटकला आणि पट्टी वाकली.

मी टायरवर डोकं टेकवून बसलो. माझ्या मते निकाल लागला होता.

कामिनी येऊन शेजारी खाली बसली. पदराने हात पुसले.

"काय करायचं असते ते सांगा. हात मी लावते."

"हे तुझं काम नाही."

"तुमी नुसतं सांगा."

"तुला कळायचं नाही ते."

"मले तुमच्या हाताचं दसऱ्यापासून कयते, तर हे नही कयणार?"

मी तिच्याकडे बघितलं. ती इंजिनाकडे बघत होती.

"कप अर्धा काबरं देते मी? साखर वाचवाले? सारिकाले बी मीच सांगितलं होतं. फक्त कपाचं सांगायचं राहून गेलं."

मग एकदम सगळं दिसलं. अर्धा कप, बिनबटणाचा झब्बा, शेंगा. गाडी शिकायची हौससुद्धा.

मी म्हटलं, "भाऊचा आजार आहे हा."

ती म्हणाली, "असंल नाहीतर नसंल. तुमी काय डॉक्टर हा? आधी हे झाकण लावून घेऊ. उघडं इंजिन बरं नही, धूळ उडते."

पट्ट्यांच्या जुडग्यात त्याच मापाच्या दोन होत्या, हे नशीब. तिला दाखवलं. किती घट्ट हवं, ते कसं सांगावं कळेना. शब्दाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

"अडकली नाही पाहिजे, आणि अशीच सुळकन निघालीही नाही पाहिजे."

"जुनी बांगडी निघते तशी? हाताले जरा धरते, पण निघते?"

"हो. अगदी तशी."

तिने पट्टी घातली. पहिल्याच वेळी गेली. मी म्हणालो, स्क्रू पाव फेरा डावीकडे. तिने केला. पट्टी पुढेमागे ओढून बघितली, डोळे मिटून. "आता बांगडी झाली," म्हणाली. स्क्रू तिने धरला, आणि नट मी आवळला, कारण तिथे जोर लागतो. तपासलं. बरोबर. दुसरा व्हॉल्व्ह तसाच. एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर.

झाकण लावलं. स्टार्टर दाबला. एका दमात चालू. टकटक नाही, काही नाही. दोघं ऐकत राहिलो.

मग तिने सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरबाईंचा नंबर सारिकाने पंधरा दिवसांपूर्वीच लावून ठेवला आहे, बुधवारचा. "तुमी नही म्हटलं असतं तर मी एकटी जाऊन तुमचे हात कसे थरथरतात ते करून दाखवनार होते त्यायले."

मला हसू आलं. किती दिवसांनी, आठवत नाही.

सारिकाला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त या."

५ फेब्रुवारी, बुधवार, धुळे

भुसावळहून बस. पारोळ्याला उतरून चहा घेतला. कामिनीने अर्धा अर्धा करून दोनदा दिला. आता राग आला नाही.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. हातांविषयी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "काट्यावर उभे राहा." अठ्ठावन्न किलो. निवृत्तीच्या तपासणीत सहासष्ट होतो. नाडी मोजली, एकशे बारा. भूक? म्हटलं, चार भाकरी. थंडी? म्हटलं, वाजत नाही. कामिनी मधेच म्हणाली, "रात्री पांघरूण फेकून देतात, आन् चिडतात लय."

मग हात मांडीवर ठेवायला लावले. "स्वस्थ ठेवा. काही करू नका." मी त्यांच्याकडे बघत होतो, त्या माझ्या अंगठ्यांकडे. अंगठे स्थिर होते. मग हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवला. कागद फडफडला.

मी भाऊचं सगळं सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाचा हात रिकामा असताना हलायचा ना? आणि काम करताना थांबायचा?"

"हो."

"तुमचं उलटं आहे. मला हा कंपवात वाटत नाही. रक्त तपासू, मग नक्की सांगते." गळ्याला हात लावून पाणी गिळायला लावलं.

रात्री सारिकाकडे मुक्काम. जेवण गेलं नाही. नक्की सांगते म्हणाल्या, म्हणजे अजून नक्की नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

थायरॉईड. गळ्यातली ती ग्रंथी जास्त काम करते आहे. कंपवात नाही. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा कामिनीने विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे गाडी उभी असताना रेस वाढून राहिली आहे."

त्या हसल्या. "तसंच समजा. गोळ्यांनी खाली आणू. पण मनाने गोळी बंद करायची नाही, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त."

एक गोळी थरथरीवर लवकर काम करेल, दुसरी हळूहळू. बाहेर आलो तर सारिका दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला सांगितलं. ती माझ्या झब्ब्याची बाही धरून उभी राहिली, लहानपणी भुसावळच्या बाजारात धरायची तशी.

भाऊची फार आठवण आली. मी सुटलो आणि तो सुटला नव्हता. याचं काय करायचं, कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

२१ तास. हितेंद्रला सगळे फोटो पाठवले. त्याने कळवलं, नोंद झाली. खाली विचारलं होतं, "काका, व्हॉल्व्हच्या फोटोत हात कुणाचे आहेत? बांगड्या दिसतात."

मी लिहिलं, "आमच्या मुख्य फिटरचे."

कामिनीला वाचून दाखवलं. "चाला, काहीबी," म्हणाली. पण तिन्हीसांजेला फोनवर बहिणीला सांगत होती, मी ऐकलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वजन एक किलो वाढलं. थरथर निम्मी आहे. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, नाही जमलं. जमेल. आज स्वेटर घातला, आणि तो खरंच लागला.

लताबाई वहिनीकडे जाऊन आलो. भाऊ गेल्यापासून चार वर्षांत दोनदाच गेलो होतो. तिला सगळं सांगितलं, माझी भीतीही. ती म्हणाली, "त्यायले समजत होतं भावजी, तुमी हाताकडे पाहात नव्हते ते. मले म्हनायचे, त्याले भेव वाटते, त्याले काही बोलू नको." मग पाणी आणायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

२ मार्च, रविवार

३० तास. सगळं ठीक. ऑइल पट्टीवर मध्यभागी, गळती नाही.

ऊन चढायच्या आत नाल्यापलीकडचा केळीचा तुकडा बघायला निघालो. गाडी कामिनीने घेतली, मी मागे. वीस तास कधीच झाले, आता पूर्ण रेस देता येते, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने पुस्तक वाचलं असावं. बांध ओलांडला आणि मोकळ्या रानात तिने रेस पिळली. गाडी उडालीच. वारं तोंडावर, गहू दोन्ही बाजूंना पिवळा पडत आलेला, आणि इंजिन असं मोकळं चाललं होतं की वाटलं, आता हे बसलं, आता याला काही होत नाही.

आणि मला रडू आलं. कशाने, सांगता येत नाही. भाऊ, सारिका, सगळंच. मागे बसलो होतो, आवाज मोठा होता, म्हणून आवरलं नाही.

कामिनी मान न वळवता ओरडली, "रडून घ्या! आरशात दिसता तुमी मले."

मी म्हटलं, "पुढे बघ, खड्डा आहे."

"दिसला मले," म्हणाली, आणि रेस कमी न करता बाजूने काढली.